पात्रं बदलतात, पण कुणाच्या जिवावर? (श्यामची आई, सुजाता, हक फिन वगैरे)

खाडीपलीकडे

'श्यामची आई'मधली 'देवाला सारी प्रिय' ही रात्र आठवतेय का कुणाला? म्हातारी महारीण, डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडलीय, एकटीला ती परत उचलून घेता येत नाही आणि येणारेजाणारे नुसते बघतायत, हात कुणी लावत नाही कारण शिवायचं कसं! श्याम घरी येऊन आईला सांगतो, आणि आई म्हणते जा, दे तिला उचलून, आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

शाळेत असताना हे आईचं मोठेपण म्हणून वाचलेलं, आता परत वाचताना त्या आंघोळीपाशीच अडकलो. म्हणजे बघा, बाई अख्ख्या गावाच्या रीतीच्या विरोधात मुलाला पाठवतेय, देवाला सगळीच लेकरं प्रिय असं सांगतेय, आणि तरी आंघोळ आहेच. मला त्यामुळे ती कमी नाही वाटत, उलट जास्त खरी वाटते. पुस्तक लिहिलं गेलं १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात, छापून आलं १९३५ ला, त्यात सांगितलेलं कोकण त्याच्याही बरंच आधीचं. गुरुजींना आंघोळ गाळता आली असती की, कोण विचारायला जाणार होतं. त्यांनी ती ठेवली.

मग डोक्यात 'सुजाता' आला. १९५९ चा, बिमल रॉय. इंजिनियरच्या ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी म्हणजे नूतन, आणि तिला वाढवणारी चारू म्हणजे आपल्या सुलोचनाबाई. चारू दुष्ट वगैरे अजिबात नाही, खायलाप्यायला घालते, आजारी पडली तर काळजी करते, पण पोटच्या रमाला बेटी आणि हिला 'बेटी जैसी'. शेवटी चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, घरात कुणाचंच जुळत नाही, जुळतं फक्त सुजाताचं. ती रक्त देते आणि मग आई तिला जवळ घेते. थेटरात लोक रडले असणार, मीही रडलो टीव्हीवर. पण नंतर वाटलं, रक्तगट जुळला नसता तर?

तर धाग्याचा विषय हा. पूर्वग्रह असलेलं पात्र गोष्टीत बदलतं तेव्हा त्या बदलाचं बिल कोण भरतं? ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच वर रक्तही द्यायचं का? तुम्हाला आठवणारी पात्रं सांगा, पुस्तक सिनेमा नाटक काहीही चालेल.

वाचनवेडी_पार्ले

मस्त विषय. सुजातामध्ये मला अजून एक गोष्ट खटकते ती म्हणजे ललिता पवार. त्यांची बुवाजी (म्हणजे आत्या) उघड उघड जातीवरून बोलते, नाक मुरडते, त्यामुळे प्रेक्षकाला राग काढायला एक जागा मिळते आणि चारूकडे आपण जरा मायेने बघतो. खरं तर सुजाताला रोज टोचणारी चारूच आहे. बुवाजी काय, अधूनमधून येणार आणि तोंड वाजवून जाणार. ललिताबाईंवर सगळं ढकललं की आपण मोकळे, कारण आपल्यातलं कुणीच स्वतःला ललिता पवार समजत नाही ना!

आमच्या घरी धुणंभांड्याच्या मावशींचा कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा घातलेला. आजी त्यांच्या मुलीच्या फीचे पैसे भरायची आणि कप मात्र वेगळा. चारू मला म्हणूनच ओळखीची वाटते.

धोंडोपंत_खवचट

दोन हरकती नोंदवतो.

एक, श्यामची आई हे काल्पनिक पात्र नव्हे, साने गुरुजींच्या सख्ख्या आई आहेत त्या. दोन, शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला आजच्या फूटपट्टीने मोजायचं आणि नापास करायचं हा हल्लीचा आवडता खेळ झालाय. पालगडात, म्हणजे गुरुजींच्या गावी, त्या काळी शिवायला सांगणं हेच केवढं धाडस होतं. आंघोळ सांगितली नसती तर पोराला घरातल्या इतरांनी आत घेतलं नसतं, कदाचित तेवढ्यासाठीच सांगितली असेल!

आणि सिनेमाचं म्हणाल तर हृदयपरिवर्तन हा त्या काळाचा फॉर्म्युलाच होता, वाईट माणूस नसतोच, त्याला फक्त उमगलेलं नसतं. गांधींचा प्रभाव सगळीकडे, सुजातातही त्यांचं वचन वाचूनच ती जीव द्यायची थांबते ना.

खाडीपलीकडे

@धोंडोपंत, नापास कुणी केलंय, मी तर म्हटलं जास्त खरी वाटते. आई खरी होती मान्य, पण पुस्तकात आली की ती पात्र होते, लेखक काय ठेवायचं काय नाही ते ठरवतो. बाकी तुमचं ते 'घरातल्यांसाठी आंघोळ' हे इंटरेस्टिंग आहे, म्हणजे स्वतःचा विटाळ गेलाय पण घराचा शिल्लक आहे. पुस्तकात तसं स्पष्ट नाही पण वाचता येतं खरं तसं.

मिसिसिपी_मावशी

मी सेंट लुईसला असते, इथून नदीने वर गेलं की हॅनिबल, मार्क ट्वेनचं गाव. मुलीला हायस्कूलमध्ये हक फिन लावलेलं तेव्हा तिच्याबरोबर मीही वाचलं, आणि खरं सांगते, तुमच्या आंघोळीच्या प्रश्नाला याच्याइतकं जवळचं दुसरं काही मला माहीत नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हक हा गोरा, दारुड्या बापाचा पोरगा, जिम हा मिस वॉटसनचा पळालेला गुलाम, दोघं तराफ्यावरून मिसिसिपीने खाली चाललेत. पंधराव्या प्रकरणात धुक्यात दोघांची ताटातूट होते, हक परत येतो तेव्हा जिमला म्हणतो छे रे, तू स्वप्न बघितलंस, धुकंबिकं काही नव्हतंच. जिमला कळतं की आपली चेष्टा झाली, आणि तो सरळ सुनावतो की मी तुझ्यासाठी रडत होतो, आणि मित्राला असं फसवणारी माणसं म्हणजे कचरा. मग हक माफी मागतो, पण एका काळ्या माणसासमोर वाकायला मनाची तयारी करण्यात त्याची पंधरा मिनिटं जातात. ही पंधरा मिनिटं लेखकाने मोजून सांगितलीत!

पुढे एकतिसाव्यात ते फेमस पत्र. जिम कुठे आहे ते त्याच्या मालकिणीला कळवणारं पत्र हक लिहितो, हलकं हलकं वाटतं त्याला, कारण त्याला शिकवलंय की गुलाम पळवणं म्हणजे चोरी आणि चोरी केली की नरक. आणि मग जिमची आठवण येते, रात्रीचा पहारा, त्याने केलेली माया, आणि तो पत्र फाडतो की ठीक आहे, जातो मी नरकात. त्याला आपण चांगलं काही करतोय असं वाटतच नाही, तो पाप करतोय अशीच त्याची खात्री आहे. कुणी बघत नाही, कुणी शाबासकी देत नाही, जिमने रक्त दिलेलं नाही. ते बिल बिल म्हणताय ना तुम्ही, इथे हकने स्वतःच्या खिशातून भरलंय, ते पण नरकाच्या भावाने.

पण खरी गंमत पुढेच आहे. लगेच बत्तिसावं प्रकरण. हक एका घरी पोचतो आणि थाप मारतो की बोटीवर स्फोट झाला. घरची बाई विचारते कुणाला लागलं का, आणि हक म्हणतो नाही, एक काळा मेला फक्त. आणि बाई म्हणते बरं झालं, कधी कधी माणसांनाही लागतं. एका पानापूर्वी जिमसाठी नरकात जायला निघालेला पोरगा! मुलीच्या वर्गात यावर भयंकर वाद झाला म्हणे, हक मुद्दाम त्या बाईला पटेल अशी भाषा बोलतोय की त्याच्या तोंडातच ती बसलीय. मला वाटतं दोन्ही. जिम त्याच्यासाठी माणूस झालाय, बाकीचे काळे अजून नाही झालेत.

सातारी_भडंग

मावशी जबरी. मी लहानपणी संक्षिप्त मराठी आवृत्ती वाचलेली, त्यात तराफा आणि धमाल एवढंच होतं, हे सगळं गायब. नेमकं तेच काढलं होतं म्हणायचं.

निळी_शाई

सगळा धागा वाचला. चर्चा चांगली चाललीय म्हणून लिहितोय, नाहीतर या विषयावर लिहायचा कंटाळा येतो.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. त्या म्हातारीला नाव काय आहे? श्यामला नाव, गावातल्या इतक्या जणांना नावं, गायीलाही 'मोरी' म्हणून नाव. म्हातारी फक्त जात आणि मोळी. तुमच्या सगळ्या उदाहरणांत बदलायची मुभा वरच्याला आहे, खालचा आपला तिथेच उभा, चांगला, सहनशील, रक्त द्यायला तयार. सुजाता एकदा तरी चिडून ओरडते का? नूतनने काम अप्रतिम केलंय यात वाद नाही, पण ती इतकी गुणी आहे की तिला नाकारणं कुणालाही जड जावं. आणि जी गुणी नाही तिचं काय? भांडकुदळ, आळशी, दिसायला बेताची अशी सुजाता असती तर तिला घरात जागा होती का?

आता जरा तारखा बघा. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत हे लिहीत होते. त्याच नाशकात मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झालेला आणि तो पुढची काही वर्षं चालला. पुस्तक आलं १९३५ ला, त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि पालगडपासून महाड काही फार लांब नाही, त्या म्हातारीच्या गोतावळ्यातलं कुणी १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेलं असू शकतं. म्हणजे इकडे आई मुलाला आंघोळ सांगतेय आणि तिकडे ही माणसं कुणाचं मन बदलायची वाट न बघता तळ्यात उतरली होती. हे मी गुरुजींना दोष द्यायला नाही सांगत. फक्त गोष्ट कुठे उभं राहून सांगितलीय ते लक्षात असू द्या.

उलट बाजूने बघायचं तर बाबुराव बागूल वाचा, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ चा कथासंग्रह. जात कळेपर्यंत ज्याच्यावर जीव लावला त्यालाच जात कळल्यावर मारतात. माणूसही बदलू शकतो तो असा, क्षणात, उलट्या दिशेला.

मिसिसिपी_मावशी

@निळी_शाई, नावाचं वाचून थांबलेच जरा. इकडे पर्सिव्हल एव्हरेटने नेमकं हेच केलंय, 'जेम्स' नावाची कादंबरी, २०२४ ला आली, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तीच गोष्ट पण जिमच्या तोंडून. त्यात तो नीट लिहितावाचता येणारा माणूस आहे, गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी भाषा बोलतो कारण तशीच बोलली की ते निर्धास्त असतात, आणि पोरांनाही तसं बोलायचे धडे देतो. ते वाचल्यावर हकची ती पंधरा मिनिटं वेगळीच वाटायला लागतात.

जुना_नाटकवेडा

आंघोळीवरून एक नाटक आठवलं आणि राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. तेंडुलकरांचं 'कन्यादान', १९८३.

नाथ देवळालीकर, समाजवादी, आमदार, आयुष्यभर जातिअंताची भाषणं. मुलगी ज्योती सांगते मला अरुण आठवलेशी लग्न करायचंय, दलित कवी. बायको सेवा आणि मुलगा जयप्रकाश बिचकतात, हा मात्र हरखतो, आता माझं घर खऱ्या अर्थाने भारतीय झालं असं काहीतरी त्याला वाटतं. अजून जावयाला धड ओळखतही नाही! पुढे अरुण ज्योतीला मारतो. त्याचं आत्मचरित्र गाजतं आणि नाथला त्याच्या चर्चेला अध्यक्ष व्हावं लागतं, मुलीला त्रास होऊ नये म्हणून तो तिथे खोटं खोटं कौतुक करून येतो. आणि अरुण घरी येऊन गेल्यावर नाथच्या तोंडून काय निघतं? घर बाटलं, घाण झाली, आंघोळ करावीशी वाटतेय.

पन्नास वर्षांनी परत आंघोळ! पण इकडे ती आई आंघोळीतून हळूहळू बाहेर पडायला बघतेय आणि हा पुरोगामी माणूस सरळ आंघोळीत येऊन पडतो. आम्ही हौशी ग्रुपमध्ये हे वाचायला घेतलं होतं, त्या जागी सगळे गप्प झाले कारण वाक्य म्हणणाऱ्या नटाला ते फार सहज जमलं.

नाथचं प्रेम एका कल्पनेवर होतं, समोरच्या माणसावर नव्हतंच कधी. पूर्वग्रह चांगला असला तरी पूर्वग्रहच की.

निळी_शाई

@जुना_नाटकवेडा, नाथ अचूक पकडलाय, मान्य. पण अरुण? मराठी रंगभूमीवर दलित नायक आधीच किती, आणि जो येतो तो बायकोला मारणारा, दारू पिणारा, पुन्हा त्याचं समर्थनही करणारा. नाथचा मुखवटा फाडायला तेंडुलकरांनी वापरला कोण? बिल परत आमच्याच नावावर. यावरून लोक चिडले ते उगाच नाही.

जुना_नाटकवेडा

चिडले तर होतेच. तेंडुलकरांना या नाटकासाठी सरस्वती सन्मान मिळाला १९९३ चा, तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं की याच नाटकापायी माझ्यावर चप्पलही फेकली गेली होती. पण मी असं म्हणेन की दलित पात्र फक्त गुणीच हवं असा आग्रह धरला तर सुजाताच लिहावी लागेल परत परत, तुम्हीच वर म्हणालात गुणी नसती तर काय म्हणून.

निळी_शाई

गुणी नसलेली हवी, पण ती तिच्या बाजूने लिहिलेली हवी. अरुणच्या घरात आपण नाटकभर एकदाही जात नाही, सगळं घडतं ते देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. तिथून जे दिसतं ते दिसतं. बागुलांच्या गोष्टींत खून, मारामाऱ्या, शिव्या सगळं आहे, पण मला ते वाचून कधी अपमान वाटला नाही.

सातारी_भडंग

हे दिवाणखान्याचं पटलं राव.

धोंडोपंत_खवचट

वातावरण तापलंय तर मी जरा वेगळं टाकतो. '१२ अँग्री मेन', १९५७, किंवा आपल्याकडचा 'एक रुका हुआ फैसला'. झोपडपट्टीतल्या पोरावर बापाच्या खुनाचा खटला आणि खोलीत कोंडलेले बारा ज्युरी. त्यातला दहा नंबर शेवटाकडे सुटतो, ही माणसं असलीच, यांना जिवाची किंमत नाही, अशी सगळी गटारगंगा बाहेर. आणि बाकीचे काय करतात? वाद घालत नाहीत. एकेक जण टेबलावरून उठतो आणि पाठ करून उभा राहतो. तो बोलत राहतो, आवाज बारीक होत जातो, मग कोपऱ्यात जाऊन बसतो आणि पुढे निर्दोष म्हणून मत देतो.

त्याचं मन बदललं का? मला तरी नाही वाटत. पण पोरगं वाचलं. इथे सगळे मन बदलण्यावर लिहितायत, मला वाटतं मन राहू द्या ज्याचं त्याच्यापाशी, त्याला खोलीत पाठिंबा मिळाला नाही की काम होतं. आणि बिल भरलं ते बाकीच्या अकरांनी, पोरगं तर तिथे हजरही नव्हतं.

खाडीपलीकडे

धोंडोपंत, ही हरकत नव्हे, हा तर मुद्द्याचा गाभाच झाला!

यावरून साने गुरुजीच परत आठवले. १९४७ च्या मे महिन्यात ते पंढरपूरला उपोषणाला बसले, १ तारखेपासून १० पर्यंत, विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून, आणि ते झालं. त्याच्या आधी महाराष्ट्रभर दौरा करून सभा घेतल्या होत्या. आत बसलेल्यांची मनं किती बदलली कुणास ठाऊक, पण दार उघडलं. १९३३ ला आंघोळ लिहिणारा मुलगा आईच्या कितीतरी पुढे गेला, आणि पुढे जाऊनही त्याने आईचं पात्र मागे जाऊन दुरुस्त केलं नाही, पुस्तकात आंघोळ तशीच आहे. मला हे फार आवडतं.

@निळी_शाई, या वेळी बिल उपोषण करणाऱ्याने भरलं असं म्हणता येईल का?

निळी_शाई

थोडं. गुरुजींबद्दल मला आदर आहे, ते स्वतःच्या पोटावर घेऊन बसले, दुसऱ्याच्या नाही. पण तोवर ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दाराचा नाद सोडलेला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

वाचनवेडी_पार्ले

काल सासूबाईंना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी सुजाता आला तेव्हा थेटरात बघितलाय. त्यांचं म्हणणं तुम्ही सगळे चुकताय, चारू रक्तामुळे बदलत नाही. त्यांच्या मते चारूला आधीपासून माहीत असतं की ही माझीच मुलगी आहे, फक्त ते तोंडाने म्हणायला तिला लोकांना देता येईल असं कारण हवं होतं, ते डॉक्टरने दिलं. 'आम्हाला सगळ्यांनाच तेव्हा कारण लागायचं' असं म्हणाल्या आणि टीव्ही लावला.

निळी_शाई

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद त्यांचा आहे. त्यांना एक विचारा माझ्याकडून. रमाचं काय? शशिकलाची रमा. त्याच घरात वाढली, त्याच आईच्या हाताखाली, तीच बुवाजी येऊन तेच बोलायची, आणि तिच्यात हे काहीच नाही. तिचं लग्न ज्याच्याशी ठरवतायत तो अधीर सुजातावर प्रेम करतो हे कळल्यावरसुद्धा ती जातीवर जात नाही. तिला बदलावंच लागत नाही म्हणून तिच्यावर कुणी लिहीत नाही, इथेही पूर्ण धाग्यात तिचं नाव एकदाच आलंय. मला चारूपेक्षा ती जास्त अवघड वाटते समजायला.

मिसिसिपी_मावशी

अगदी! हकला निदान जिमबरोबर नदीवर राहावं लागलं तेव्हा कुठे सुरुवात झाली. रमाला घरातच सुजाता मिळाली, रांगायच्या वयापासून. एवढं पुरतं का? मग चारूला का नाही पुरलं, तिच्याही डोळ्यांसमोरच वाढली की ती.

सातारी_भडंग

रमावर वेगळा धागा काढा कुणीतरी, हा मोबाईलवर लोड व्हायला वेळ लागायला लागलाय.